पोपटी साडीतली ती कोण?

बसा मंडळी, सरकून बसा. मधली वाट तेवढी मोकळी ठेवा. आणि समईकडे एक बाळ रांगत निघालंय — कुणाचं आहे हो ते? हां, घ्या मांडीवर. तुम्ही म्हणाल, या कीर्तनकारबाईंचं लक्ष देवाकडे कमी आणि लेकरांकडेच जास्त! काय करू, घरी दोन वर्षांचं सोडून आलेय. त्याच्या आजीला इथे येईपर्यंत चार फोन झाले. पाचवा लावत होते, तर पखवाजवाले काका म्हणाले, "ताई, आता देवाला लावा!"

तर देवाला लावूया. देवाचं नाव आपण घेतो. टाळ कुटून घेतो, गळा ताणून घेतो. पण आज माझा प्रश्न देवाच्या नावाचा नाही, तुमच्या नावाचा आहे. मंडळी, तुमचं नाव कुणासाठी असतं? तुमच्यासाठी? घरात एकट्या असताना कधी स्वतःला हाक मारता का? "अगं शालिनी, दूध उतू चाललंय!" — नाही ना? नाव आपल्याला चिकटलेलं असतं खरं, पण ते असतं दुसऱ्यासाठी! कुणाला गरज पडली तर हाक मारता यावी म्हणून! देवानंसुद्धा नावं का घेतली? त्याला काय कमी पडलं होतं? भक्तानं कुठल्या नावानं ओरडावं, म्हणून घेतली!

मग सांगा, कुणावर वेळ आली असताना आपण आपलंच नाव झाकून ठेवलं, तर ते पाप की शहाणपण? मान हलवू नका. घाई नको. आख्यान ऐका, मग हलवा.

आख्यान पुराणातलं नाही. फोनमधलं आहे!

तापीकाठी आमोदखेडं नावाचं गाव. तिथे बालाजीचा रथ निघतो. लाकडी, उंच, कळसाला केळीचे घड बांधलेले. चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून तो वळवायचा, थांबवायचा. दोर ओढतात पुरुष. पण वाणी गल्लीपासून मारुतीच्या पारापर्यंतचा टप्पा बायांचा! तेवढा दोर बायाच ओढणार, पुरुषांनी बाजूला व्हायचं. वर्षभर भांडी ओढतात, कळशा ओढतात, संसार ओढतात — एक दिवस देवाला ओढतात!

आणि मंडळी, महिला मंडळ म्हटलं की काय आलं? साडी आली! सगळ्यांची एकसारखी! अध्यक्ष होत्या नलूताई बऱ्हाटे, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ठरवली पोपटी साडी, जांभळा काठ. कुणी म्हणालं, "ताई, पोपटी मला शोभत नाही वं." नलूताई म्हणाल्या, "देवाला शोभते. नेस!" झालं! सगळ्या गल्लीत पोपटांचा थवा.

त्या थव्यात एक होती केतकी. नाशिकची लेक, आमोदखेड्याची सून. सासरचा रथ पहिल्यांदाच ओढणार. बरोबर तिची मुलगी — रुंजी. अडीच-तीन वर्षांची, बोबडी, गोबरी. हातात दोर धरायचा तर लेकरू कुठे धरणार? केतकी खाली वाकली. रुंजीच्या मुठीत साडीचा पदर दिला आणि म्हणाली, "काय वाट्टेल ते झालं तरी पदर सोडायचा नाही हं!"

रुंजी म्हणाली, "नाही शोडनाल."

दोर ताणला. "बालाजी महाराज की..." — बोला ना मंडळी! — "जय!" गुलाल उधळला. हातभर पुढचं दिसेना. रथ कुरकुरला, हलला, चालला. धक्के, रेटारेटी, ढोल. केतकी ओढतेय, हसतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय. आणि रथ मारुतीच्या पारापाशी थांबला तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं.

पदर मोकळा.

तायांनो, जरा थांबते. आपापलं लेकरू कुठे आहे, एकदा बघून घ्या. बघा, बघा. मलाही बरं वाटेल… आहे? हात लावून बघितलंत? चला.

केतकीचं लेकरू नव्हतं. आधी ती हसली. असेल इथेच. मग हाक मारली. मग ओरडली. मग दोराखाली, रथाखाली, चाकाशी वाकून बघायला लागली. मोगरीवाल्यांनी तिला धरून बाजूला केलं. सासरे धावले, दीर धावले. भोंग्यावरून पुकारा झाला — "लाल झबलं, केसांना दोन रबरं, नाव रुंजी!" आणि जो तो काय म्हणाला माहीत आहे? "अहो, पाहिली ना! आताच पाहिली! आईचा पदर धरून चालली होती!"

सगळ्यांनी पाहिली, मंडळी! म्हणूनच कुणी थांबवली नाही! पोपटी पदर, त्याला धरलेलं लेकरू — आई आणि मुलगी, आणखी काय? काळजीचं कारणच नाही. अहो, लेकरानं आईचं ऐकलं होतं! पदर सोडला नव्हता. गर्दीत हिसका बसला, मूठ सुटली, आणि तिनं पटकन समोर दिसला तो पदर घट्ट धरला. पोपटीच होता. जांभळा काठच होता. फक्त बाई दुसरी होती!

हरवलेलं लेकरू रडतं, लोक थांबतात. हे लेकरू रडतच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण आईजवळ आहोत!

आता सुरू झाली शोधाशोध. हवालदार होते तडवीदादा. त्यांच्याकडे एकेक खबर यायला लागली. "कुणीतरी म्हणालं, घाटावर दिसली." पळाले घाटावर! नदी भरलेली, केतकी पायरी पायरी उतरून बघतेय. घाटावर कुणी नाही. "कुणीतरी म्हणालं, एसटी स्टँडवर एक माणूस मुलीला घेऊन चाललाय." पळाले स्टँडवर! तो बिचारा स्वतःच्याच मुलीला घेऊन चालला होता, त्याला चार जणांनी धरला. "कुणीतरी म्हणालं, पडक्या विहिरीशी..." — मंडळी, आईच्या कानावर असलं वाक्य पडावं? आणि म्हणणारा कोण? कुणीतरी! या कुणीतरीला ना चेहरा, ना पत्ता. गाव पळवतो आणि स्वतः घरी जाऊन चहा पितो!

तेवढ्यात फोटोवाल्याचे फोटो मंडळाच्या फेसबुकच्या ग्रुपवर चढले. ढीगभर फोटो. नलूताई पारावर बसून बोटानं एकेक सरकवताहेत. आणि एका फोटोवर बोट थांबलं. दोर ओढणाऱ्या बाया. कडेला पाठमोरी एक पोपटी साडी. डोक्यावर पदर, अंगभर गुलाल. आणि मागे पदराला धरून — रुंजी!

केतकीला दाखवला. ती म्हणाली, "ही माझी रुंजी. ही मी नाही! मी डोक्यावर पदर घेतलाच नव्हता!"

मग ही कोण?

नलूताई शाळेतल्या बाई. हजेरीशिवाय त्यांचं पान हलत नाही! त्यांनी ग्रुपवर लिहिलं — "बायांनो, फोटोंत जिथे जिथे तुम्ही आहात, तिथे तिथे आपल्यावर बोट टेकवा आणि आपलं नाव लावा. टॅग करा! सगळ्यांची नावं लागली की ही कोण ते आपोआप कळेल. रुंजी हिच्याबरोबर होती. लवकर करा!"

किती सोपं काम! देवाला नैवेद्य नको, उपास नको, नुसतं बोट टेकवायचं. लगेच लागली असतील नाही नावं? अहो, कुठली! एरवी आमदाराच्या मागे चौथ्या रांगेत अर्धा कान दिसला तरी आपण नाव लावतो — "साहेबांसोबत काही क्षण!" — आणि आज? मंदा चौधरी फोटोत दिसतेय ढळढळीत. नाव नाही. का? कचेरीत कळवलेलं, "ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही." आणि फोटोत बाई दोर ओढतेय पैलवानासारखी! दुसरीचा निर्जळी उपास होता. फोटोत हातात कुल्फी! तिसरीनं तर नलूताईंना उलट फोन केला, "ताई, लावते नाव, पण त्यात मी फार जाड आले वं. दुसरा फोटो नाही का?"

हसताय? हसा. तिथे केतकी पारावर बसली होती. तिच्या तोंडात सासू बळेच पाणी घालत होती, आणि ते ओठांवरून खाली ओघळत होतं.

नलूताईंनी मग भोंगाच हातात घेतला. "मंदे! ताप तुझा गेला खड्ड्यात! तुझ्या साहेबाशी मी बोलते. कुल्फीवाली, देव माफ करेल, मी हमी घेते! आणि जाड आलेली, तू आहेसच जाड! नावं लावा गं, लेकरू हरवलंय!"

आणि लागली, मंडळी! एक लागलं, दोन लागली, मग भराभर. मंदा चौधरी. सुलू वाणी. हिनं तिला सांगितलं, तिनं हिला आठवण करून दिली. एकेका पाठीला नाव मिळत गेलं. होता होता सगळ्या फोटोंत एकच पोपटी साडी बिननावाची उरली. रुंजी जिचा पदर धरून होती, तीच.

आता चला माझ्याबरोबर एका घरात. वाणी गल्लीच्या मागच्या बाजूचं घर. दार आतून लावलेलं. ओसरीत एक सून उभी, हातात फोन. नाव वर्षाली. पोपटी साडी बादलीत भिजत घातलेली, पाणी गुलालानं लाल झालेलं. मंडळी, ती बिननावाची पाठ हिचीच!

मग का नाही लावत नाव? हिला काय ताप होता की कुल्फी होती?

हिच्या घरात सुतक होतं.

त्याच दिवशी सकाळी निरोप आला होता — सासऱ्यांचे चुलतभाऊ वारले. भावकीतलं माणूस, दहा दिवसांचं सुतक. सासूला गावात सगळे जिजी म्हणतात. जिजी भेटायला परगावी निघाल्या, जाताना दारात बजावून गेल्या, "रथाकडे फिरकायचं नाही. देवाला विटाळ नको." वर्षाली हो म्हणाली. पण पोरीचा जीव! पहिल्या वर्षी बाळंतपण, दुसऱ्या वर्षी कावीळ, तिसऱ्या वर्षी अडचण. या वर्षी कुठे साडी आली होती, घडी मोडायची राहिली होती. गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला आणि तिला राहवेना. शेजारच्या सुलूला म्हणाली, "एकदा दोराला हात लावते आणि परत येते." गेली. ओढला दोर! आणि टप्पा संपल्यावर मागे बघते तर पदराला लेकरू!

"कोणाची गं तू, माय?" विचारलं. रुंजीनं बोट दाखवलं. समोर धुळपिंपरीच्या लोकांची ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, त्यात पोरं, पोरांच्या हातात फुगे. रुंजी फुगा दाखवत होती! हिला वाटलं, घर दाखवतेय. उचललं, ट्रॉलीत पोरांमध्ये बसवलं, "सांभाळा रे हिला," म्हणाली आणि सासू यायच्या आत घराकडे पळाली. न्हाली, साडी भिजवली. आणि मग भोंग्यावर ऐकलं — लाल झबलं, दोन रबरं.

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं? पटकन उत्तर देऊ नका. नाव लावलं तर सगळ्या गावाला कळणार, हिनं सुतकात देवाचा दोर ओढला. पुढे गावात काहीही वाईट होवो, पाऊस न येवो, म्हैस न दुभो — बोट हिच्याकडे! आणि सासू? सासूचं तर विचारूच नका, मागे एका सुतकात हिनं चुकून देवघराचा पडदा सरकवला तर दिवसभर बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात फोन वाजला. सुलू.

"वर्षाली, ती तूच आहेस ना?"

वर्षालीनं दाराची कडी चाचपून बघितली.

"अगं बोल. दोराला माझ्या शेजारी तूच होतीस. मी तुझं नाव लावू शकते. पण नाही लावणार. तू सांग."

"सुलू, मी तिला धुळपिंपरीच्या ट्रॉलीत बसवलं गं. तू सांग ना जाऊन! माझं नाव नको घेऊस. म्हण, कुणीतरी म्हणालं."

सुलू बिचारी धावत पारावर गेली. "तडवीदादा, कुणीतरी म्हणतंय, मुलगी धुळपिंपरीच्या ट्रॉलीत आहे!"

आणि हवालदार काय म्हणाले? खाली बसले, टोपी काढली, घाम पुसला. "ताई, हे कुणीतरी मला दुपारपासून पळवून राहिलंय. घाटावर कुणीतरी, स्टँडवर कुणीतरी, विहिरीवर कुणीतरी! माझी माणसं आता विहिरीत गळ टाकून बसलीत. कुणीतरीच्या सांगण्यावरून त्यांना उठवू? नाव सांगा. पाहिलेल्या माणसाचं नाव सांगा, आत्ता जातो!"

ऐकलंत, मंडळी? खबर खरी होती! पण नाव नव्हतं, म्हणून खोट्यांच्या रांगेत शेवटी उभी राहिली!

सुलूनं तिथूनच फोन लावला. म्हणाली, "वर्षाली, माझं कुणी ऐकत नाही. विहिरीत गळ टाकलाय. केतकी ते बघतेय." एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

सांजवात लावायची वेळ. सुतकाच्या घरात तीही नाही. अंधारलेल्या ओसरीत वर्षालीनं तो फोटो उघडला. स्वतःची पाठ बघितली. आणि त्याच वेळी दारावर थाप — "वर्षाली, दार उघड!" जिजी परत आल्या होत्या!

काय करावं तिनं? दार आधी की नाव आधी?

तिनं नाव आधी लावलं, मंडळी! बोट टेकवलं. वर्षाली. आणि मग दार उघडलं. जिजींच्या तोंडावर बोलली, "मी रथ ओढला. केतकीचं लेकरू मी ट्रॉलीत बसवलं. काय बोलायचं ते मागून बोला, आधी मला जाऊ द्या!" आणि मोकळ्या केसांनी, अनवाणी, सुतकातली ती बाई भर गावातून पाराकडे धावली.

नाव तिच्या आधी पोचलं होतं! नलूताई पारावर उभ्या राहून ओरडत होत्या, "नाव लागलं! वर्षाली आहे! तडवीदादा, नाव लागलं!" सुलू म्हणाली, "ट्रॉलीचं मला तिनंच सांगितलं!" जीप धुळपिंपरीकडे सुटली.

धुळपिंपरीत पोरं केव्हाच उतरून घरोघरी गेली होती. त्यांना वाटलं, ही छोटी दुसऱ्या कुणाची तरी. पुन्हा तोच कुणीतरी! ट्रॉली सोडून दिली होती कालव्याच्या काठावर. मागचं फळकं उघडं. आणि त्या फळक्याच्या अगदी कडेला, पाय खाली सोडून, पाण्याकडे तोंड करून, फुटलेल्या फुग्याचा तुकडा हातात घेऊन रुंजी बसली होती! खाली कालवा वाहतोय. तडवीदादांनी हाक मारली नाही. दचकली तर पडेल म्हणून मागून मांजराच्या पावलांनी गेले, आणि तिला कवेत घेतलं!

सोडा श्वास. मीही सोडते. वाजवा काका, एकदा वाजवा!

पण आख्यान संपलं नाही. लेकरू आईच्या कुशीत गेलं, गाव आनंदलं, आणि आनंद ओसरल्यावर गावाला आठवलं — अरे, पण ती सुतकात होती! पारावरचे नाना म्हणाले, "रथ धुवावा लागेल." एक बाई म्हणाली, "तरीच लेकरू हरवलं. विटाळाचं फळ!" बघा हं! जिच्या नावानं सापडलं, तिच्याच नावावर हरवणंही मांडलं!

आणि घरी? जिजी रागानं चूल फुंकत नव्हत्या की भांडी आपटत नव्हत्या. गप्प होत्या. सूनबाईंना ते बोलण्यापेक्षा जड. दुसऱ्या दिवशी त्या दारासमोरून जाताना बाया पदर सावरून पलीकडच्या कडेनं जायला लागल्या.

तेवढ्यात केतकी आली. कडेवर रुंजी. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. वर्षाली दारात आली आणि मागे सरकली, "आत नका येऊ, आमचं सुतक आहे." केतकी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. सुतकाच्या घरचं पाणी पीत नाहीत, हे नाशिकच्या मुलीला माहीत नव्हतं असं समजू नका! चांगलं माहीत होतं. ती मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनी, उन्हातून आलेय. माझ्या रुंजीला तहान लागलीय. पाणी देता?"

वर्षाली जागची हलेना. हात जोडून उभी. आतून भांड्याचा आवाज आला. जिजी बाहेर आल्या. हातात पितळी पेला, काठोकाठ. सुनेकडे बघितलं नाही, गल्लीकडे बघितलं. सगळ्या खिडक्यांकडे एकदा बघून घेतलं. मग खाली बसल्या, रुंजीच्या ओठाला पेला लावला आणि म्हणाल्या, "पी, माय. सावकाश पी."

लेकरू घटाघटा प्यायलं. उरलेलं केतकी प्यायली. आणि जिजी, कुणाकडेही न बघता, एवढंच बोलल्या, "माझी सून आहे. वर्षाली नाव तिचं."

मंडळी, रथ कुणी धुतला नाही पुढे!

आता तुमच्याकडे वळते. सुटका नाही! मघापासून बघतेय, फोन वर करून कितीतरी जण फोटो काढताहेत. घरी गेलात की ते चढणार. त्यात तुम्ही असाल. कुणाच्या शेजारी, कुणाच्या मागे, कुणाच्या म्हातारीला हात देताना. नाव लावा आपलं! पोट सुटलेलं दिसो, झोप आलेली दिसो. मात्र दुसऱ्याचं लावायचं तर आधी विचारा. सुलूला माहीत होतं, तरी तिनं विचारलं! आणि लेकरांची नावं कृपा करून लावू नका. वाईट डोळेही ते फोटो बघतात, मला रात्रीची झोप नसते त्या विचारानं. लेकराजवळ जे मोठं माणूस उभं आहे, त्याचं लावा. वेळ आली तर त्यालाच विचारायचं असतं.

आरतीचं तबक तयार आहे, मला दिसतंय. पण त्याआधी एक काम. तुमच्या उजव्या हाताला जी बाई बसली आहे, मघापासून जिचा गुडघा तुमच्या गुडघ्याला लागतोय, जिच्या मांडीवर मघाशी तुमचं पोर जाऊन बसलं होतं — तिचं नाव माहीत आहे तुम्हाला?

नाही ना?

विचारा. लाजू नका, आत्ता विचारा. देव उभा राहील तोवर. मीही उभी आहे.